एकशे चाळीस घोडे आणि दोन टिपाडं

सुपारी फुटायच्या दिवशी नवऱ्या मुलानं तोंडात विडा धरून बसावं, म्हणजे बोलायची सोय राहत नाही. माझा विडा नेमका संपला होता.

बोरदऱ्याच्या विश्वेश्वरअप्पांच्या ओसरीवर सगळं ठरलं होतं. मुलगी रुद्राणी, डी.एड. झालेली; मुलगा मी, केदारनाथ, परळीच्या मोंढ्यातल्या भुसार दुकानात वडिलांच्या हाताखाली पोती मोजणारा. तारीख मे महिन्याची, मुहूर्त बारा पस्तीसचा. मग माझे वडील गुरुपादअप्पा खाकरले आणि म्हणाले, "आमचं मागणं काहीच न्हाई. पण पोरगं पायी फिरतंय, ते बघवत न्हाई."

आमच्या भागात हे वाक्य म्हणजे मोटारसायकलीचं संपूर्ण नाव आहे.

"न्हाई कसं?" विश्वेश्वरअप्पा म्हणाले. "दोन्ही थोरल्या जावयांना गाड्या दिल्या, धाकट्याला कावून न्हाई? काय हो थोरले, गाडी कशी चालतीय?"

कोपऱ्यातले सगळ्यांत थोरले जावई ताडकन उभे राहिले. "लई चांगली चालतीय, मामा."

त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांना दर दिवाळीला, दर बारशाला आणि एकदा तर सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात विचारला गेला होता, आणि दर वेळी ते असेच उभे राहिले होते. त्यांना पाहून मला काय झालं ते आजही सांगता येत नाही. देशाचे दरवाजे उघडले, आता माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं त्या दिवसांत पेपरात रोज येत होतं. त्याचाही काही दोष असेल. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला सासऱ्याची गाडी नको. मी माझ्या स्वतःच्या गाडीवर येईन."

माझ्या वडिलांनी माझ्याकडे पोत्यातून उंदीर निघाल्यासारखं पाहिलं.

विश्वेश्वरअप्पा मात्र हसले. "शाबास! मग ऐका जावईबापू. अक्षता पडायच्या वक्ताला माज्या दारात तुमची स्वतःची गाडी दिसली, तर मी हरलो. न्हाई दिसली, तर मी आणलेली गाडी मुकाट घ्यायची आन् दर दिवाळीला कशी चालतीय ते सांगायचं. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो. बाहेर पडताना आतून एका लहान मुलीनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. अक्षर वळणदार होतं, मजकूर सरळ: 'शब्द पाळा. नाहीतर जन्मभर ऐकावं लागेल. मलाही. — रुद्राणी.'

आता स्वतःची गाडी म्हणजे शोरूमची नवी गाडी, हे माझ्या खिशाला मान्य नव्हतं. म्हणून मी जुनी शोधायला लागलो आणि आमच्या शेजारच्या शहादेवनं मला सुंदररावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. शहादेवचं वेल्डिंगचं दुकान आहे. जगातली प्रत्येक अडचण दोन लोखंडी तुकडे एकमेकांपासून लांब असल्यामुळे होते, असं त्याचं मत आहे.

सुंदरराव ठेकेदार. परळीच्या थर्मल वीजकेंद्रात कुठलंसं यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता, त्यानं बरोबर आपली मोटारसायकल आणली होती, आणि जाताना ती सुंदररावांना विकली होती. सुंदररावांनी ती एकदाच चालवली. घराच्या फाटकापासून समोरच्या भिंतीपर्यंत. भिंत अजून नवी दिसते.

"बघा," ते म्हणाले आणि शेडचं दार उघडलं.

आत राखेचा एक ढीग होता. परळीत चार वर्षं ठेवलेली कुठलीही वस्तू राखेची होते, त्यामुळे मी दचकलो नाही. आम्ही ढिगावर बादल्या ओतल्या. पहिल्या बादलीत हँडल निघालं, दुसरीत इंजिन निघालं, तिसरीत मला घाम फुटला. कारण इंजिन संपतच नव्हतं. आमच्या दुकानातला तराजू सोडला तर एवढं लोखंड मी एका जागी पाहिलं नव्हतं. चार सिलिंडर, बाराशे सीसी, मागचं चाक बैलगाडीला शोभेल असं. राख पूर्ण धुऊन झाल्यावर कळलं, गाडीचा रंगही काळाच होता.

"किती घोड्यांची?" मी विचारलं.

"एकशे चाळीस," सुंदरराव म्हणाले. "आन् सगळे जपानी."

मी तिथल्या तिथे गाडी घेतली. किंमत सांगत नाही, आई हयात आहे.

गाडी घरापुढे उभी राहिली आणि आमची गल्ली तिच्याभोवती उभी राहिली. पहिला धक्का शहादेवनंच दिला. वाकून, उकिडवा बसून, शेवटी आडवा पडून त्यानं गाडी तपासली आणि उठून हळू आवाजात, मयताच्या घरी बोलतात तसं, म्हणाला, "केदार, हिला किक न्हाई."

"बटणावर चालू होते," मी म्हणालो.

"बरं. पन हिला चेनबी न्हाई."

मी पाहिलं. खरंच नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक जाड नळी गेली होती, बाकी काही नाही.

"चेन काढून घेतली बे तुजी," शहादेव म्हणाला. गर्दीतून "अरारा" असा आवाज उठला.

इतक्यात समोरच्या भिवराबाईंच्या नातवानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उचललं. आत पेट्रोलला जागाच नव्हती. ती टाकी नुसती टाकीसारखी दिसत होती. खरी टाकी सीटच्या खाली लपवलेली, हे मला तीन दिवसांनी कळलं. त्या क्षणी मात्र मी सगळ्या गल्लीसमोर असा माणूस होतो, ज्यानं किक नसलेली, चेन नसलेली आणि टाकी खोटी असलेली मोटारसायकल विकत घेतली होती.

"मग घेतलंस तरी काय रं?" भिवराबाईंनी विचारलं. कुचेष्टेनं नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

वडील दुकानातून जेवायला आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि म्हणाले, "विश्वेश्वरअप्पाच्या गाडीला किकबी आसंल आन् चेनबी." मग जेवायला बसले आणि रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

गाडी चालते हे सिद्ध करणं मला भाग पडलं. खरी टाकी सापडली त्या दिवशी पेट्रोल भरलं आणि नवी बॅटरी घातली. बटण दाबलं. जो आवाज झाला त्यानं मोंढ्यातली कबुतरं उडाली ती दोन दिवस उतरली नाहीत. मी गिअर टाकला, मूठ जराशी, म्हणजे आपण शिंकेला आवरतो तेवढीच, पिळली. त्यानंतरची हकिगत मला माहीत नाही. मी आमच्या गल्लीत होतो आणि मग मी थर्मलच्या फाटकाशी होतो. मधला रस्ता कुणीतरी काढून घेतला होता. फाटकावरच्या वॉचमननं मला पास विचारला. मग माझ्याकडे नीट पाहून त्यानं पाणी पाजलं.

तरीही सांगतो, परत येताना मला स्वतःबद्दल आदर वाटत होता. तो पंधरा दिवस टिकला.

राहिलं होतं गाडी नावावर करणं. 'स्वतःची' गाडी म्हणजे कागदावर स्वतःची. विश्वेश्वरअप्पा कागद मागितल्याशिवाय राहणार नाहीत, हे वडिलांनी मला प्रेमानं तीनदा सांगितलं होतं. तेव्हा मी जिल्ह्याच्या गावी निघालो. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो, तर ट्रकवाल्यांनी गाडी पाहून मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. एकानं तर विचारलं, "शेठ, ट्रेलर कुठं लावलाय?" तेव्हा मी हसलो होतो.

गाड्यांची नोंदणी होते त्या कचेरीचं नाव मी सांगत नाही. माझी पुढची गाडीही तिथेच न्यायची आहे. खिडकीशी पंडित नावाचे कारकून होते. एक चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर. त्यांनी परदेशी कागद वाचला, फॉर्म भरायला घेतला आणि 'अश्वशक्ती' या रकान्यापाशी थांबले.

"एकशे चाळीस लिव्हलंय."

"हो."

"टायपिंगची चूक हाय. चौदा आसंल. चौदा लिव्हतो."

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण गल्लीनं पंधरा दिवस माझी चेन काढली होती, आणि आता हा माणूस माझे एकशे सव्वीस घोडे एका फटक्यात सोडून देत होता. मी खिडकीत डोकं घालून म्हणालो, "साहेब, एकशे चाळीस म्हणजे एकशे चाळीसच लिहा. एकही कमी नाही."

पंडितांनी दोन्ही चष्म्यांतून माझ्याकडे पाहिलं. "आहो, ट्रॅक्टर पस्तीस एचपीचा आसतोय. लई मोठा घेतला तर पन्नास. एकशे चाळीसचं वाहन म्हणल्यावर मी ते दुचाकीच्या रजिस्टरात कसं घेऊ? उद्या तपासणी आली तर साहेब मला विचारतील, पंडित, मोटारसायकलीला एवढे घोडे कशाला लागतात? मी काय सांगू? तुमी सांगा, कशाला लागतात?"

मी डोकं खिडकीतून बाहेर काढलं.

"एचपी जास्त म्हणल्यावर वढायचं वाहन. मी ट्रॅक्टरात घेतो. 'ट्रॅक्टर, चाके दोन.' काय हरकत हाय? ट्रॅक्टरला कर माफ हाय."

कर माफ. भुसार दुकानदाराच्या मुलाच्या कानाला यापेक्षा गोड काही नसतं. मी म्हणालो, "घ्या."

त्यांनी शिक्का मारला. गाडी माझ्या नावावर झाली. 'वाहनमालक: केदारनाथ गुरुपाद. वाहनाचा वर्ग: ट्रॅक्टर.' मी तो कागद घडी करून, छातीशी धरून, शंभर किलोमीटर दुसऱ्या गिअरवर परत आलो. तिसऱ्याला हात लावायची हिंमत नव्हती.

लग्नाला चार दिवस उरले असताना तहसीलचा शिपाई दारात आला. दारावर तोरण, आई लाडू वळतेय, पाहुणे यायला लागलेले. मला वाटलं आहेर आणला. त्यानं हुकूम आणला होता.

मी तो दारातच वाचला. पाणीटंचाई निवारणासाठी तालुक्यातले सर्व ट्रॅक्टर शासन ताब्यात घेत होतं. यादीत पहिलं नाव माझं होतं, कारण यादी अश्वशक्तीच्या उतरत्या क्रमानं लावली होती. 'आपले १४० अश्वशक्तीचे वाहन, चालकासह, पाणी वाहतुकीकरिता हजर करावे.' चालक म्हणजे कोण, हे सांगायला नको.

वडिलांनी हुकूम दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि एवढंच म्हणाले, "तालुक्यात पयला नंबर आला तुजा. शाळेत कधी आला न्हाई."

मी धावत तहसीलला गेलो. टंचाईचं टेबल बद्रीनाथ नावाच्या कारकुनाकडे होतं. चांगला माणूस. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्या चांगुलपणामुळे झालं. मी त्याला बाहेर आणून गाडी दाखवली. त्यानं हातातली यादी गाडीशेजारी धरून पाहिली.

"हे ट्रॅक्टर हाय?"

"कागदावर आहे."

"मग हायच की," तो म्हणाला. "कागदावर न्हाई म्हणायचं तर नोंदणीवाल्यांना पत्र लिव्हावं लागंल. उत्तर यायला पावसाळा निघंल."

"अहो, चार दिवसांनी माझं लग्न आहे हो! बोरदऱ्याला!"

"बोरदऱ्याला?" बद्रीनाथचा चेहरा उजळला. त्यानं यादीवरून बोट फिरवलं. "बोरदरा टंचाईतच हाय! मग अडचण कुठंय? तुमाला बोरदऱ्याचीच खेप देतो. तसंबी तुमी जानारच. तुमचं लगीनबी हुईल, सरकारचं पानीबी जाईल." आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मी सोता रजिस्टर घिऊन येतो. लग्नालाबी, ड्युटीलाबी."

मोठा टँकर ओढणं शक्य नाही, हे त्यानं समजूतदारपणे मान्य केलं. पंचायतीची एक बैलगाडी होती, तिच्यावर दोनशे लिटरची दोन टिपाडं, म्हणजे लोखंडी पिंपं, बांधलेली, मागं नळ. बैल चारा छावणीला गेले होते. शहादेवनं माझ्या गाडीच्या मागे एक हूक वेल्ड केला. जपानी लोखंडावर वेल्डिंग मारताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आनंदानं. "म्हणलं न्हवतं, सगळ्याला वेल्डिंगच लागतंय?"

असा मी लग्नाला निघालो. डोक्याला बाशिंग, गळ्यात हार, मुंडावळ्या वाऱ्यावर, मागे चारशे लिटर पाणी, टिपाडांवर फळ्या टाकून बसलेला बद्रीनाथ, आणि गाडीच्या कपाळावर त्यानं स्वतः बांधलेली पाटी: 'शासकीय काम. पाणीपुरवठा.' वऱ्हाडाची जीप पुढे निघून गेली. आई मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

चढ लागला तसा एकशे चाळीस घोड्यांना घाम फुटला. ही गाडी वारा लागावा म्हणून पळायची असते. मी तिला बैलाच्या चालीनं नेत होतो. पुढच्या जाळीतून आधी गरम वास आला, मग वाफ. बोरदऱ्याच्या वेशीत शिरलो तेव्हा गाडी उकळत होती आणि बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

विश्वेश्वरअप्पांच्या दारात मांडव. मांडवाच्या तोंडाशी हार घातलेली कोरी शंभर सीसीची मोटारसायकल. तिला किकही होती आणि चेनही. तिच्यापलीकडे माझे वडील हात बांधून उभे.

"आले आले!" असा गलका झाला आणि सगळं गाव माझ्याकडे धावत आलं. माझे डोळे भरून आले. मग गाव माझ्या बाजूनं पुढे गेलं आणि नळापाशी रांग लागली. घरटी एक घागर, रेशनकार्ड दाखवून.

मी गाडीवरून उतरायला पाय उचलला, तर गाडी कलंडायला लागली. मागे गाडा जोडलेला, स्टँड लागेना. "उतरू नका!" बद्रीनाथ ओरडला. "कलम तीन. पानी सपल्याबिगर चालकानं वाहन सोडू नये."

"राहू द्या की बसलेले," विश्वेश्वरअप्पा हसत पुढे आले. त्यांनी गाडीला हात लावून पाहिलं आणि चटका बसून काढून घेतला. "जावईबापू, मानलं तुमाला! कागद बघू." मी छातीवरचा कागद दिला. त्यांनी माझं नाव वाचलं. 'ट्रॅक्टर' हा शब्द वाचताना त्यांची एक भिवई वर गेली, पण ते सरळ माणूस होते. "गाडी तुमचीच. मी हरलो."

मी जिंकलो होतो. साधारण चार सेकंद.

"अप्पा, जरा थांबा," माझे वडील म्हणाले. माझे. जन्मदाते. "ह्या साहेबांचा हुकूम बघा. कलम चार वाचा, साहेब."

बद्रीनाथनं इमानदारीनं वाचलं. "'वाहन पाण्याने भरल्यापासून पूर्ण रिकामे होईपर्यंत शासनाच्या ताब्यात राहील, व रिकामे होताच मूळ मालकास परत केले आहे असे समजावे.'"

"म्हंजे आत्ता ही गाडी कुनाची?" वडिलांनी विचारलं.

बद्रीनाथनं माझ्याकडे दिलगिरीनं पाहिलं. "आत्ता... सरकारची."

"आन् बारा पस्तीसला?"

"पानी सपलं तर ह्यांची. न्हाई सपलं तर सरकारची."

थोरले जावई मांडवातून उठून पुढे आले. ते जन्मात पहिल्यांदाच, कुणी न विचारता, काहीतरी बोलले. "बारा आठ झालेत."

सगळ्या मांडवानं रांगेकडे पाहिलं. पंचवीस बाया. पंचवीस घागरी. मग जे झालं ते पाहून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. माझे वडील रांगेच्या तोंडाशी गेले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि घागरीच्या तोंडावर धरून म्हणाले, "सावकाश, बाई. गाळून घ्या. ह्यात गाळ आसतोय. पोराबाळांच्या पोटात जायचं पानी. गडबड करू नका."

"लई देवमानूस हाय व्याही," कुणीतरी म्हणालं.

पाणी उपरण्यातून थेंबाथेंबानं उतरू लागलं. मी गाडीवर बसून, बाशिंगाच्या झिरमिळ्यांमधून, स्वतःच्या बापाकडे बघत होतो. बारा वीस. अकरा घागरी. बारा पंचवीस. पंधरा. लग्न लावणारे स्वामी मांडवात अक्षता वाटायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या तीस दिवाळ्या आल्या, आणि प्रत्येकीत मी उभा राहत होतो.

तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि हिरव्या शालूत, हळदीच्या हातांनी, काखेत घागर घेऊन रुद्राणी बाहेर आली.

"अगं, नवरीनं असं..." कुणीतरी म्हणायला लागलं.

"आमचंबी कार्ड हाय," ती म्हणाली. सरळ माझ्या वडिलांसमोर गेली, वाकून पाया पडली, आणि त्यांनी आशीर्वादाला दोन्ही हात वर केले तेवढ्यात उपरणं काढून घेतलं. "मामंजी, तुमी दमला. सावलीत बसा."

नळ पूर्ण सुटला. घागरी भरभर भरू लागल्या. बारा एकतीसला शेवटची बाई बाजूला झाली आणि नळातून हवा आली. मी हात वर केले.

बद्रीनाथनं दोन्ही टिपाडांत काठी घातली, बाहेर काढली, बघितली. "नळ तळापासून वर हाय. खाली चार बोटं पानी हाय. पूर्ण रिकामं म्हणता येत न्हाई."

"घ्या कुनीतरी!" मी ओरडलो. पण सगळ्यांच्या घागरी काठोकाठ भरल्या होत्या, आणि घरटी एकच. रुद्राणीनं घरातून कळशी आणली, गाड्यावर चढून टिपाडांची तोंडं उघडली, कळशी आत घातली, भरून वर काढली आणि ओतायला हात बाहेर नेला.

"एऽऽ!" रांगेतली एक म्हातारी किंचाळली. "भुईवर सांडलीस तर बघ! बोरदऱ्यात पानी भुईवर सांडत न्हाईत. लेकीला हे शिकवलं का रं इश्वेश्वरा?"

विश्वेश्वरअप्पांची मान खाली गेली. बरोबरच होतं. त्या गावात भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसतात. पाणी जमिनीवर ओतणं म्हणजे काय, हे रुद्राणीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिचा हात हवेत थांबला. बारा तेहतीस. स्वामींनी दोन माणसांना आंतरपाट घेऊन गाडीपाशीच बोलावलं. नवरा उतरत नाही तर मांडवानं नवऱ्याकडे यावं, एवढा समंजसपणा त्यांच्याकडे होता.

"पानी वाया घालवायचं न्हाई ना?" रुद्राणी म्हणाली. "ज्याला लागतंय त्याला द्यायचं?"

"व्हय," म्हातारी म्हणाली.

रुद्राणीनं गावावरून नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खाली पाहिलं, जिथे चार सिलिंडर पुढच्या जाळीतून वाफ सोडत, तहानेनं धापा टाकत उभे होते. तिचा विचार मला तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"नको," मी म्हणालो. "नको, नको, गरम इंजिनावर गार पाणी..."

तिनं पहिली कळशी ओतली. मग दुसरी. मग तिसरी, आणि टिपाडांच्या तळातलं शेवटचं पाणी लोट्यानं.

असा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. आधी 'चर्रर्र', मग आतून कुठून तरी, खूप खोलातून, एक 'टण्ण'. मोठी पितळी घंटा मधोमध चिरावी तसा. माझ्या मांड्यांच्या मधून पांढरा ढग उठला आणि त्यानं मला, रुद्राणीला, स्वामींना आणि दोन्ही व्याह्यांना गिळलं. आंतरपाट दिसेना. कुणालाच कुणी दिसेना. ढगातून बद्रीनाथची काठी टिपाडावर वाजली आणि त्याचा आवाज आला, "कोरडं! बारा चौतीस!"

आणि ढगाच्या दुसऱ्या टोकाकडून स्वामी खणखणीत म्हणाले, "सावधान!"

वाफेतून अक्षता पडल्या. काही माझ्यावर, बऱ्याचशा इंजिनावर. तिथे त्या तडतडल्या. माझ्या गळ्यात हार पडला तेव्हा मी अंदाजानं माझा हार पुढे घातला आणि देवाच्या कृपेनं तो योग्य माणसाच्या गळ्यात गेला.

ढग विरला. गाडीच्या पोटातून काळं तेल हळूहळू बोरदऱ्याच्या भुईवर सांडत होतं. ते मात्र म्हातारीनं चालवून घेतलं. विश्वेश्वरअप्पांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "हरलो, जावईबापू. गाडी तुमची." त्यांच्या मागे थोरले जावई माझ्याकडे बघून रडत होते. माझे वडील उपरणं पिळत होते.

मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. आत काहीतरी सुटं लोखंड खुळखुळलं आणि शांत झालं. किक असती तर मारून बघितली असती.

बद्रीनाथ रजिस्टर उघडून समोर आला. त्यानं नीट, ओळीत, शाईच्या पेनानं लिहिलं होतं: 'खेप एक. वेळ १२.३४. वाहन मूळ मालकास सुस्थितीत परत केले.' आणि खाली रेघ मारून, सहीसाठी जागा सोडली होती.

"सुस्थितीत?" मी विचारलं.

"तसा शब्दच छापील हाय," बद्रीनाथ म्हणाला. "न्हाई म्हणायचं आसंल तर मग परत केलीच न्हाई आसं लिव्हावं लागतं. मग गाडी सरकारचीच ऱ्हाती. सरकार दुरुस्त करंल, सावकाश."

मी पेन हातात धरून गाडीकडे पाहिलं. मग हार घातलेल्या कोऱ्या मोटारसायकलीकडे. विश्वेश्वरअप्पा तिचा हार काढत होते, पण अर्ध्यावर थांबून माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होते.

रुद्राणी माझ्या कानाशी वाकली. तिच्या कपाळावरचं कुंकू वाफेनं नाकापर्यंत आलं होतं.

"बघता काय? सही करा," ती म्हणाली. "गाडी तुमचीच हाय."

मी सही केली.